पुढे सरळ, पाण्यातून

माझ्या सायकलचं पुढचं चाक पाण्यात होतं आणि हँडलवरचं मशीन म्हणत होतं, सरळ जा.

ब्रेक वेळेवर दाबला म्हणून वाचलो. डांबर ओलं, त्यावर शेवाळ. चाक घसरत गेलं आणि बूट घोट्यापर्यंत भिजले तेव्हा कुठं थांबलो. डिसेंबरची सकाळ होती. धुकं असं दाट की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. मशीनच्या पडद्यावर मात्र सगळं स्वच्छ. रस्त्याची निळी रेघ पाण्यात शिरत होती आणि खुशाल पुढं जात होती. टुंग करून वाजलं. शंभर मीटरवर डावीकडे वळा.

मागून सुनंदाताईंचा ब्रेक वाजला.

"रशीदभाई, मांगं या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुढं आमचं गाव हाय."

मी मेहकरला सायकलचं दुकान चालवतो. वडील पंक्चर काढायचे. मी लांब पल्ल्याच्या सायकली विकतो आणि वडिलांइतकीच पंक्चरही काढतो. हल्ली डॉक्टर, मास्तर, बँकवाले सगळे सायकलीवर बसले आहेत, आणि प्रत्येकाला हँडलवर जीपीएस कम्प्युटर पाहिजे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन. आकाशातल्या उपग्रहांवरून आपण कुठं आहोत ते ओळखतं, रस्ता दाखवतं, वेग, अंतर, उंची नोंदवून ठेवतं. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "भारी कोणतं?" मी म्हणतो, "जायचं कुठं?" याचं उत्तर फार कमी लोकांपाशी असतं.

सुनंदाताईंपाशी होतं. त्या हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावात राहतात, हायस्कूलला भूगोल शिकवतात. त्यांना ब्रेव्हे करायची होती. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नाही, पण ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर कापायचं. यांचं अंतर सहाशे किलोमीटर, वेळ चाळीस तास. मागच्या खेपेला अर्ध्या वाटेवर रस्ता चुकल्या, वेळ गेला, बाद झाल्या.

"भूगोलाच्या बाई रस्ता चुकल्या," मी चिडवलं होतं.

"हसा, हसा. आता असं मशीन द्या का ते चुकलंच नाही पाहिजे. जुन्याची तं बॅटरीच टिकत नाही."

मग दुकानातलं बाकीचं गिऱ्हाईक गेल्यावर त्या खरं बोलल्या. घरात आबा, म्हणजे त्यांचे वडील. त्यांना विसर पडायला लागला होता. चहा झाला की पुन्हा चहा मागायचे. आणि आठवड्यातून एखाद्या सकाळी सायकल घेऊन निघून जायचे. कुठं जातात ते सांगायचे नाहीत. परत यायचे तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पुण्याच्या भावाला हे कळलं. तो या रविवारी गाडी घेऊन येणार होता. आबांना पुण्याला नेणार, फ्लॅटमध्ये ठेवणार, सायकल देऊन टाकणार.

"सायकल गेली तं आबा खाटेवरून उठणारच नाहीत, रशीदभाई. मले माहीत हाय ना माझा बाप! पण भावाले सांगू काय? कुठं जातात हे मलेच ठाऊक नाही. अन् मी चाळीस तास घराबाहेर राहू कशी?"

मी म्हणालो, आधी मशीन पाहू, आबांचं मागून पाहू. मला काय माहीत की दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

माझ्या दुकानाची एक रीत आहे. मशीन डब्यातून काढून हातात देत नाही. दोन निवडतो, दोन्ही एकाच हँडलला बसवतो आणि गिऱ्हाईकाला घेऊन फेरी मारतो. एक होतं साधं. आपण आधी आखून दिलेली रेघ तेवढी दाखवतं. रेघ सोडली की वाजतं, रेघेवर आलं की गप्प. स्वतःचं डोकं चालवत नाही, म्हणून बॅटरी खूप टिकते. दुसरं भारी. रंगीत नकाशा, बोटानं सरकवा, आणि नुसतं ठिकाण सांगितलं की रस्ता स्वतः शोधतं.

पहिल्या फेरीला सुलतानपूरवरून लोणारला गेलो. सरोवराच्या काठाकाठानं झाडीत शिरलो, मुद्दाम, कारण दाट झाडाखाली ही यंत्रं गोंधळतात. दोन्ही नीट चालली. ताईंचा जीव भारीवर जडला. "हेच बांधा!" मी म्हटलं, सबुरी. आणखी एक फेरी. या खेपेला त्याला फक्त सांगायचं, ताईंच्या घरी ने. ते म्हणेल तिकडे जायचं, आणि ताईंनी मध्ये बोलायचं नाही. ओळखीच्या मुलखात माणूस यंत्राला मदत करतो आणि मग यंत्र हुशार वाटायला लागतं.

त्यासाठी मी त्यात ताईंचं अकाउंट टाकलं. म्हणजे त्यांच्या नावावरच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या त्याच्यात आल्या. या मशीनला एक सोय असते, ओळखीचे रस्ते. ज्या रस्त्यानं माणूस जास्त वेळा गेला तो चांगला, असं ते समजतं आणि तिकडूनच नेतं. मी ती सोय चालू केली. गुरुवारी ताईंना शाळेची सुट्टी होती. पहाटेची नमाज झाली, चहा मारला आणि आम्ही मेहकरहून निघालो.

ताईंचं गाव थोडं उरलं असताना मशीन म्हणालं, डावीकडे. मी वळलो, ताई मागून वळल्या. रस्ता डांबरीच होता, पण मधोमध गवत उगवलेलं. दोन्ही बाजूंनी बाभळी आत झुकलेल्या. एक मैलाचा दगड दिसला, त्यावरचं नाव पुसलेलं. विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. गाडीचं चाक उमटलेलं दिसेना, फक्त एका सायकलच्या टायरची ओळ, ताजी, चिखलातून पुढं गेलेली. उतार सुरू झाला. इतकी शांतता की माझ्या साखळीचा आवाज मलाच नकोसा झाला. मागं वळून ताईंना विचारावं वाटलं, पण रीत माझीच. आणि मग पाणी आलं.

"आधी काऊन नाही सांगितलं?" मी सायकल मागं ओढत ओरडलो. "बुडालो असतो ना बाप्पा!"

"मैलाच्या दगडापाशी आलो तवा मले समजलं." त्यांचा चेहरा उतरला होता. "आवाजच फुटला नाही. मी या वळणाकडं पाहतसुद्धा नाही कधी. पण पाय पेडल मारत राहिले हो. लहानपणी शाळेतून घरी याच उतारानं यायची मी."

धरण झालं तेव्हा त्यांचं गाव बुडालं. लोक वर टेकाडावर नव्या गावात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो, कधी पारही. यंदा पाऊस भरपूर झाला होता. कळस काही दिसण्याचं कारण नव्हतं.

मी नकाशा मोठा केला. वाटलं, जुना नकाशा असेल, जुना रस्ता दाखवत असेल. असं होतं. पण निळी रेघ पाण्यातून नुसती पलीकडे जात नव्हती. ती आत वळत होती. डावीकडे, मग गोल, मग उजवीकडे, मग एका अरुंद बोळात.

ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा पार. हा मारुती. ही आमची गल्ली. अन् हे..." रेघ जिथं संपत होती तिथं बोट थांबलं. "हे आमचं दार हाय, रशीदभाई."

मी मशीनला शिवी हासडली. पण रेघ जाड होती. ओळखीच्या रस्त्यांत रेघ जाड म्हणजे तिथून पुष्कळदा गेलेलं. मी फेऱ्यांची यादी उघडली. शेवटची फेरी मागच्या गुरुवारची. वेग चालत्या माणसाचा. घर येईपर्यंत एकही वळण चुकलेलं नाही. दारापाशी बराच वेळ थांबलेलं, मग त्याच गल्ल्यांतून परत. त्याच्या आधीची तशीच. त्याच्या आधीचीही तशीच.

"कोण चालून राह्यलं बे तिथं, पाण्याखाली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"असं बोलू नका ना! मले भेव वाटून राह्यलं."

मलाही वाटत होतं. लपवायचं कशाला? धुक्यातून कुठूनतरी थेंब पडल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. पण धंदा डोक्यातून जात नाही. मी विचारलं, "ताई, हे अकाउंट अजून कोणाजवळ हाय?"

"कोणाजवळ राहीन? घरात एक मोबाईल नंबर. त्याच्यावरच गॅस, त्याच्यावरच बँक, त्याच्यावरच हे."

"अन् जुनं मशीन? फेकलं का?"

"फेकलं नाही. आबांच्या सायकलले बांधून दिलं. आकडे पलटताना पाहायले आवडते त्यायले. बटण दाबाले शिकवलं मी."

मला उलगडलं आणि त्यांनाही. जुनं मशीन घरी वाय-फायच्या टप्प्यात आलं की झालेली फेरी आपोआप अकाउंटवर चढते. कुणाला काही करावं लागत नाही. आबांच्या फेऱ्या ताईंच्या नावावर जमा होत होत्या. मशीनला आबा कोण, ताई कोण, काय कळणार? अख्ख्या घराचं एक नाव. अकाउंटवर घराचं ठिकाण भरलेलं नव्हतं, म्हणून फेऱ्या जिथं जास्त वेळ थांबल्या तेच त्यानं घर धरलं.

ताईंनी पाण्याकडं पाहिलं. "ओला पायजमा," त्या म्हणाल्या. "आबा पाण्यात उतरून राह्यले. घरी जातो म्हणून पाण्यात उतरून राह्यले." त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या मिस्टरांनी उचलला. आबा सकाळीच सायकल घेऊन गेले होते.

चिखलातली टायरची ताजी ओळ मला आठवली. ती मी ताईंना सांगितली नाही.

हात चालू ठेवावे म्हणून मागच्या गुरुवारची फेरी पुन्हा उघडली आणि उंचीची रेघ पाहिली. मशीन हवेच्या दाबावरून उंची ओळखतं, चढ आला की रेघ वर, उतार आला की खाली. मैलाच्या दगडापासून रेघ खाली आली होती. आणि आम्ही उभे होतो तिथून घरापर्यंत एकदम सपाट. पट्टीनं ओढावी तशी. रस्ता कितीही चांगला असो, असा सपाट नसतो.

"ताई, इकडं पाहा. आबा खाली उतरले नाहीत. उतरले असते तं रेघ उतरली असती. ते पाण्यात नाही, पाण्यावरून गेले."

"माणूस पाण्यावरून चालते का?"

"नाव असीन. नावेनं गेले असतीन."

मग भूगोलाच्या बाईंनी मला बरोबर पकडलं. "नावेले रस्ता कायले लागते? नाव सरळ जाते. ही गल्लीगल्लीतून काऊन फिरली?"

खरं सांगतो, तिथून निघून जावं असं मनापासून वाटलं.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश. "डाव्या हाताले घे."

आणि माझ्या हँडलवरचं मशीन वाजलं, टुंग. डावीकडे वळा.

मी कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटायला लागलो, लाज कसली त्यात. आम्ही रेघेवरच उभे होतो, म्हणून मशीन तेच तेच वाजवत होतं, हे मला आज कळतं. तेव्हा काही कळत नव्हतं. समोर पांढरं धुकं, त्यातून आवाज. "पाराले वळसा घाल. आता मारुतीले उजव्या अंगाले ठेव. हां. हळू."

थेंब तेवढे पडत होते.

"मंग कोणाचं घर रे, नामदेव?"

"मले काय माहीत, आबा?" हा दुसरा आवाज, तरण्या माणसाचा. "मी तवा लहान होतो. तुमीच सांगा."

"थांब. थांब जरासा. मारुती झाला. मारुती झाल्यावर..." आणि तो आवाज मध्येच फुटला. "नाही आठवून राह्यलं रे. मांगच्या गुरुवारी तं सांगितलं होतं मी."

मशीनवर पुढचं वळण दिसत होतं. मी ताईंना पडदा दाखवायला वळलो, तर त्या जागेवर नव्हत्या. गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होत्या.

"काशीमावशीचं घर, आबा! काशीमावशीच्या ओट्यापासून उजवीकडे! मंग विहीर, मंग आपलं!"

धुक्यातले थेंब थांबले.

"कोण वं? सुनंदी?"

"हाव, आबा."

"शाळा नाही का तुले?"

मी हसलो आणि रडलो, एकदमच. ताई पाण्यातच उभ्या राहून रडत होत्या. "सुट्टी हाय, आबा," एवढंच म्हणाल्या.

ते लगेच आले नाहीत. आधी काशीमावशीच्या घरापासून उजवीकडे गेले, विहिरीवरून घरी गेले, थांबले, मग परत फिरले. सगळं आम्ही ऐकत होतो. शेवटी धुक्यातून एक माणूस उभा येताना दिसला, हातात सायकलचं हँडल धरून, पाण्यावरून. नाव दिसायला आणखी थोडा वेळ लागला. तिच्यात आबा उभे, सायकल उभी, हँडलवर ताईंचं जुनं मशीन. मागं वल्ही मारणारा नामदेव, धरणात मासे धरतो, त्याच गावचा.

मी त्याला आधी तेच विचारलं. पाणी मोकळं पडलंय, मग गल्लीतून का नेतोस?

तो माझ्याकडं असा पाहायला लागला की मीच काही भलतं बोललो. "घरावरून कशी नेणार, भाऊ? खाली लोकायच्या चुली हायेत, देवघरं हायेत. आमच्या गावचं कोणीच नेत नाही. वळसा पडला तं पडला."

आबा नावेतून उतरले, गुडघाभर पाण्यात. पायजमा भिजला. ताईंनी त्यांचा दंड धरला. "सांगायचं नाही का मले? जीव जाऊन राह्यला होता माझा!"

"सांगून काय करू? तुमी येऊ देलं नसतं." आबांनी सायकल काठावर लावली. "एकेक घर डोक्यातून सुटून राह्यलं, बाई. आज काशी सुटली. म्हणून येतो, पाठ करतो. अन् हे डब्बीत राह्यते म्हणतेस ना तू? मी विसरलो तरी डब्बीत तं राहीन."

"पण सायकल काऊन नेता नावेत?" मी विचारलं.

"घरी पायी गेलो नाही मी कधी," आबा म्हणाले.

दुकानात आल्यावर ताईंनी भारी मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. साधं घेतलं. सहाशे किलोमीटरची रेघ मी आखून दिली, आबांच्या फेऱ्या ताईंच्या अकाउंटवरून काढून आबांच्या स्वतःच्या अकाउंटवर नेल्या. एकही पुसली नाही. नामदेवला ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब दिली आणि बजावलं, आबा चढले की आधी ही त्यांच्या गळ्यात. आबांना ती आवडली नाही. घालतात, पण कुरकुरत.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. ताईंनी त्याला घरात बसू दिलं नाही, आधी नावेत बसवलं. मी तिथं नव्हतो, नामदेवनं सांगितलं. भाऊ फोन पाहत बसला होता. मारुतीनंतर आबा पुन्हा अडकले. नामदेव वल्हं उचलून थांबला. मग भावानं फोन खिशात घातला आणि खाली पाण्याकडं पाहून म्हणाला, "काशीमावशी." संध्याकाळी तो पुण्याला एकटा गेला.

ताईंची ब्रेव्हे वेळेत झाली. शेवटच्या ठिकाणी मी चहा घेऊन उभा होतो. मशीन कसं वाटलं, विचारलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या. "मधामधात बोललं नाही."

आबांचं अकाउंट काढताना मशीननं नेहमीसारखं घराचं ठिकाण मागितलं होतं. मी नव्या गावातलं टाकायला लागलो. आबांनी माझा हात धरला. "दोन टाकता येतात का?" येतात. दुसरं मी पाण्याच्या काठावर टाकलं, नामदेवची नाव लागते तिथं. त्याच्या पुढचं मशीनला सांगितलं नाही. आबांनी विचारलं, "मंग पुढचं कोण सांगीन?" ताई म्हणाल्या, "मी येईन ना, आबा. सुट्टी पाहून."

तेव्हापासून मी एका मशीनला एकच माणूस जोडतो. अख्ख्या घराचं एक अकाउंट असेल तर ओळखीचे रस्ते बंद करून देतो. आणि विकायच्या आधी दोन गोष्टी विचारतो. घरात अजून कोण सायकल चालवतं, आणि घर कुठं आहे. दुसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक हसतं. मी उत्तराची वाट पाहतो.